हॅडलीच्या मैदानात अडकलेलं ड्रिल : चंद्रावरच्या खोदकामाचं एक प्रकरण

३१ जुलै १९७१ रोजी अपोलो १५ चे कमांडर डेव्हिड स्कॉट चंद्रावरच्या हॅडली-अपेनाइन भागात ड्रिल घेऊन उभे राहिले. काम ऐकायला साधं होतं. जमिनीत जवळपास तीन मीटर खोल दोन भोकं पाडायची, त्यांत तापमान मोजणाऱ्या कांड्या सोडायच्या, आणि शेजारी तिसरं भोक पाडून मातीचा एक सलग नमुना वर काढायचा. मुक्काम संपला तेव्हा हिशेब असा निघाला : पहिलं भोक १.६ मीटरच्या आसपास अडलं. दुसऱ्यात कांडी एक मीटरच्या खाली उतरेना. तिसरं मात्र झपाट्यानं २.४ मीटरपर्यंत गेलं, पण आत गेलेली नळी बाहेर येईना. ती उपसायला दोन माणसांना खांदे लावावे लागले.

जमीन तीच, यंत्र तेच, हातही तेच. तरी तीन भोकांचे निकाल वेगवेगळे. म्हणूनच हे प्रकरण मला फार मोलाचं वाटतं. चंद्रावर उतरण्यासाठी तळ बांधायचा, किरणोत्सारापासून बचाव म्हणून खोल्यांवर माती रचायची, यानाच्या झोतानं उडणारी धूळ अडवायला बांध घालायचा, अशा सगळ्या आराखड्यांत खोदकाम गृहीतच धरलेलं असतं. चित्रात यंत्र माती उचलतं आणि दुसरीकडे टाकतं. हॅडलीला जे घडलं ते नीट पाहिलं, तर खरी अडचण माती फोडण्यात नव्हती हे दिसतं. फुटलेल्या मातीला जायला वाट नव्हती, तिथे सगळं अडलं.

जमीन कशी होती

चंद्राच्या मातीला रेगोलिथ म्हणतात. उल्कांच्या माऱ्यानं खडकांचा झालेला हा चुरा. त्याचे कण बहुतेक ठिकाणी सरासरी ७० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे बारीक रेतीहूनही बारीक. पृथ्वीवर वारा आणि पाणी कणांच्या कडा घासून गुळगुळीत करतात. चंद्रावर ते करणारं कुणी नाही, त्यामुळे कण धारदार आणि वेडेवाकडे राहतात. शिवाय लहान उल्कांच्या आघातानं माती क्षणभर वितळते आणि काचेनं चिकटलेले गोळे तयार होतात. असे कण एकमेकांत अडकतात. म्हणूनच अंतराळवीरांनी खणलेल्या चरांच्या भिंती ओलावा अजिबात नसताना जवळजवळ उभ्या राहिल्या.

पण खोदणाऱ्याच्या दृष्टीनं त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. ही जमीन कोट्यवधी वर्षं बारीक बारीक धक्के खात बसलेली आहे. सगळ्यात वरचा थर आघातांमुळे सतत उसकटला जातो, म्हणून तो भुसभुशीत. त्याच आघातांचे हादरे खालच्या थराला मात्र बसवत नेतात. अपोलोच्या नमुन्यांवरून काढलेला निष्कर्ष असा, की वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये मातीची घनता घनसेंटिमीटरला सुमारे दीड ग्रॅम असते आणि खाली जाताना ती वाढत १.८ च्या पुढे जाते. नुसत्या घनतेच्या आकड्यावरून घट्टपणाचा अंदाज येत नाही, म्हणून मृदा अभियंते सापेक्ष घनता पाहतात. माती सगळ्यात सैल असते तेव्हा शून्य आणि दाबून दाबून सगळ्यात गच्च बसते तेव्हा १०० टक्के. चंद्रावर वरच्या १५ सेंटिमीटरला हा आकडा ६५ टक्क्यांच्या आसपास आहे. साधारण ३० सेंटिमीटरच्या खाली तो ९० टक्क्यांच्या वर जातो.

हे ९० टक्के फार आहेत. पृथ्वीवर रस्त्याच्या भरावात एवढा घट्टपणा आणायचा तर कंप देणारा रोलर फिरवावा लागतो. चंद्रावर ती जमीन आयती तशी आहे, आणि आपल्याला ती उकरायची आहे. याच मोहिमेत स्कॉट यांचे सहकारी जेम्स आयर्विन यांनी फावड्यानं चर खणला, तेव्हा त्यांनाही वरची माती सहज निघाल्यावर खाली कठीण तळ लागला.

इतकी गच्च बसलेली माती आणखी दाबली जात नाही. तिच्यात काहीही घुसवायचं तर कणांना एकमेकांवरून चढून बाजूला व्हावं लागतं, म्हणजे माती फुगावी लागते. आणि चारही बाजूंनी तशीच गच्च माती असेल, तर फुगायला जागाच नसते. पुढची सगळी हकिकत याच एका गोष्टीभोवती फिरते.

ड्रिल कसं होतं

यंत्र चांगलं होतं, हे आधीच सांगायला हवं. मार्टिन मॅरिएटा कंपनीनं ते बनवलं होतं आणि त्यात ब्लॅक अँड डेकर या हत्यारं बनवणाऱ्या कंपनीचा सहभाग होता. चांदी-जस्ताच्या बॅटरीवर चालणारं हे ड्रिल फिरतही होतं आणि ठोकेही मारत होतं. ठोक्यांनी माती फोडायची आणि फिरण्यानं ती वर आणायची, अशी विभागणी. वर आणण्यासाठी नळीच्या बाहेरच्या अंगावर सुताराच्या गिरमिटाला असतात तसे पेच होते. फुटलेला चुरा पेचाच्या खाचेतून वर सरकत सरकत भोकाच्या तोंडाशी पडावा, ही कल्पना.

तापमानाच्या भोकांसाठी वापरलेल्या नळ्या काचतंतू आणि बोरॉनच्या होत्या. धातू वापरला असता तर त्यातून उष्णता वाहिली असती आणि मोजमाप बिघडलं असतं, म्हणून ही निवड. भोक पाडून झालं की नळी तिथेच ठेवायची आणि तिच्या पोकळीत कांडी सोडायची. नळीत माती शिरून चालणार नव्हतं, त्यामुळे तिचं टोक बंद होतं. नमुना काढायच्या नळ्या टायटॅनियमच्या होत्या, आणि माती आत यावी म्हणून त्यांचं टोक उघडं होतं. एकाच लांबलचक नळीनं काम करणं शक्य नव्हतं. अंतराळवीराला छातीच्या उंचीवर हाताळता याव्यात म्हणून दोन्ही प्रकारच्या नळ्या तुकड्यांत होत्या. एक तुकडा आत गेला की ड्रिल सोडवायचं, पुढचा जोडायचा, ड्रिल पुन्हा वर बसवायचं.

काचतंतूच्या नळ्यांत जिथे दोन तुकडे जुळत, त्या सांध्यापाशी पेचाची खाच उथळ होत होती. कागदावर हा तपशील क्षुल्लक दिसतो. सांधा मजबूत हवा तर तिथे भिंत जाड हवी, आणि भिंत जाड करायची तर खाच उथळ होणार. ताकदीच्या दृष्टीनं विचार करणाऱ्या कुणीही तसंच केलं असतं.

तीन भोकं

पहिल्या फेरीत, म्हणजे ३१ जुलैला, पहिल्या भोकाच्या सुरुवातीच्या नळ्या ठीकठाक आत गेल्या. मग वेग मंदावला. स्कॉट यांनी अंगाचा भार टाकला, ड्रिल ठोके मारत राहिलं, पण नळी खाली सरकेना. त्यात आणखी एक त्रास. नळीला धरणारा ड्रिलचा चक गच्च आवळून बसायचा आणि पाना लावल्याशिवाय सुटत नसे. हवा भरलेल्या हातमोज्यात मूठ वळवणं हेच मुळात कष्टाचं काम, कारण मोजा सतत बोटं सरळ करायला पाहत असतो. त्यात पाना धरून जोर लावायचा. मोहीम संपली तेव्हा अंतराळवीरांच्या नखांखाली रक्त साकळलेलं होतं आणि स्कॉट यांचा खांदा दुखावला होता.

१.६ मीटरच्या आसपास पहिलं भोक सोडून दिलं गेलं. दुसऱ्यात तीच गत झाली आणि ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षानं काम दुसऱ्या दिवसावर टाकलं. १ ऑगस्टला दुसरं भोक पुन्हा हाती घेतलं, पण कांडी सोडायला गेल्यावर नळीच्या आत एक मीटरवर अडथळा लागला. कांडीचा बराच भाग वर राहिला.

मग तिसरं भोक, नमुन्याचं. टायटॅनियमची नळी त्याच जमिनीत, काही पावलांवर, सरसर खाली गेली. सहा तुकडे, २.४ मीटर. एवढं झाल्यावर ती ओढायला गेले तर ढिम्म हलेना. वेळ संपत आला होता, म्हणून नळी जमिनीतच ठेवून दोघं यानाकडे परतले.

२ ऑगस्टला तिसरी आणि शेवटची फेरी. दोघांनी मिळून आधी हातांनी ओढून पाहिलं, नंतर ड्रिलच्या दांड्यांखाली खांदे दिले आणि गुडघे सरळ करत रेटा दिला. नळी थोडी थोडी करत वर आली. पुढे तुकडे सोडवायचे होते, तर त्यासाठी चांद्रगाडीवर लावलेला व्हाइस, म्हणजे नळी घट्ट धरणारा शिकंजा, उलटा बसवलेला निघाला. त्यात आणखी वेळ गेला. या सगळ्याची किंमत म्हणून गाडीतून ‘नॉर्थ कॉम्प्लेक्स’ नावाच्या टेकड्यांकडे जायचा बेत सोडून द्यावा लागला. भूविज्ञानाच्या दृष्टीनं तो मोठा तोटा होता. ज्या ठिकाणी पुन्हा कधी जायला मिळणार नाही, तिथलं ठरलेलं काम एका नळीपायी राहिलं.

नळी मात्र त्या मोलाची निघाली. प्रयोगशाळेत तिच्यात ४२ वेगवेगळे थर मोजले गेले.

असं का झालं

पहिल्यांदा सुचणारं उत्तर म्हणजे खाली खडक लागला असेल. दोन भोकं अडली, एक खोल गेलं, तेव्हा नशिबाचा भाग म्हणून सोडून देता आलं असतं. पण अडण्याची रीत खडकाची नव्हती. आणि खडक लागला असता, तर नंतर नमुन्याची नळी बाहेर काढताना एवढा जोर का लागावा, याचा उलगडा होत नाही.

बंद टोकाची नळी घ्या. तिचा व्यास सुमारे अडीच सेंटिमीटर धरला, तर प्रत्येक मीटर खोलीमागे जवळजवळ ४९० घनसेंटिमीटर माती जागेवरून हटवावी लागते. १.८ घनतेची ही माती फुटली की सैल होते. तिची घनता १.४ वर आली असं धरलं, तर तीच माती ६३० घनसेंटिमीटर जागा मागते. म्हणजे भोकाच्या आत जेवढी माती फुटते, तिच्यापेक्षा जास्त आकारमानाचा चुरा वर गेला पाहिजे. बाजूला सरकायला वाव नाही, कारण आजूबाजूची जमीन आधीच गच्च. वाट फक्त पेचाच्या खाचेतून. आणि ही खाच प्रत्येक सांध्यापाशी उथळ होते.

चुरा वर चढत सांध्यापाशी आला की तुंबत होता. मागून येणारा चुरा त्याला दाबत होता आणि ड्रिलचे ठोके त्याला धुमसत होते. जे ठोके माती फोडायला होते, तेच ठोके फुटलेली माती पुन्हा गच्च बसवत होते. हळूहळू सांध्याभोवती मातीचा घट्ट पट्टा तयार झाला आणि नळीला त्यानं आवळलं. अशा वेळी जास्त भार टाकला तर टोकाशी आणखी माती फुटते आणि आणखी चुरा त्याच तुंबाऱ्यात जातो. मेहनत वाढते तसा अडथळा वाढतो. स्कॉट यांनी अंगभर जोर लावला, आणि त्यांच्या जागी दुसऱ्या कुणीही तेच केलं असतं. त्या जोरानं मदत होणं शक्यच नव्हतं.

नमुन्याच्या नळीचं गणित वेगळं. तिचं टोक उघडं असल्यानं मधली माती आतच येत होती. बाहेर हटवायची होती ती फक्त नळीच्या भिंतीच्या जाडीएवढी. तिच्या पेचाची खाच सांध्यापाशीही पूर्ण खोल होती. म्हणून ती आत गेली. बाहेर येताना मात्र २.४ मीटर लांबीचे पेच मातीनं भरलेले, आणि ती माती आजूबाजूच्या जमिनीशी जखडलेली. वर ओढायचं म्हणजे मातीचा आख्खा दंडगोल चिरत ओढायचा.

इथे एक बारकावा आहे, जो यंत्र आखणाऱ्याला फार उपयोगी पडेल. सूट आणि पाठीवरच्या यंत्रणेसकट अंतराळवीराचं वस्तुमान पावणेदोनशे किलोच्या घरात जातं, पण चंद्रावर त्याचा भार पृथ्वीवरच्या जेमतेम तीस किलोएवढा. खाली दाबायचं असेल तर त्याच्याकडे एवढंच भांडवल. त्याहून जास्त दाबायला गेला तर तोच वर उचलला जाईल. वर ओढताना उलट होतं. प्रतिक्रियेचं बल त्याला जमिनीत रेटतं, त्यामुळे मर्यादा वजनाची राहत नाही, पायांतल्या ताकदीची राहते. आणि पायांची ताकद चंद्रावर गेल्यानं कमी होत नाही. खांदा देऊन नळी निघाली ती यामुळे. चंद्रावर ओढणं आणि दाबणं ही एकाच जोराची दोन कामं नाहीत, हे तिथे दोन माणसांच्या अंगाला कळलं.

पुढच्या दोन मोहिमांत

दुरुस्ती झटपट झाली आणि नेमक्या जागी झाली. काचतंतूच्या नळ्यांचे सांधे बदलले, त्यात टायटॅनियमचा उपयोग केला आणि पेचाची खाच सांध्यावरून सलग, पूर्ण खोलीची जाईल अशी केली. मोटार वाढवली नाही, ठोके वाढवले नाहीत. नमुन्याची नळी उपसायला जमिनीवर टेकणारा जॅक दिला.

एप्रिल १९७२ मध्ये अपोलो १६ च्या चार्ल्स ड्यूक यांनी डेकार्ट भागात पहिलं भोक अगदी सहज पाडलं. पण सहकारी जॉन यंग यांचा पाय तापमानाच्या उपकरणाच्या केबलमध्ये अडकून ती तुटली आणि तापमानाचा प्रयोगच बाद झाला. ड्रिलचा त्यात काही दोष नव्हता, तरी ही घटना वाचताना दर वेळी वाईट वाटतं. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ च्या यूजीन सर्नन यांनी टॉरस-लिट्रो या दरीत दोन्ही भोकं अडीच मीटरच्या खाली नेली, आणि नमुन्याची नळी तीन मीटरच्या जवळ पोचली. ती काढताना जॅक असूनही हॅरिसन श्मिट यांना दांड्यावर अंग टाकावं लागलं आणि ते आडवे झाले. सांधे सुधारले तरी जमिनीची पकड तीच होती.

शास्त्रीय हिशेबही पुरा करू. दिवसरात्रीच्या तापमानाचा चढउतार साधारण ८० सेंटिमीटरच्या खाली नाहीसा होतो, म्हणून कांड्या खोल हव्या होत्या. चंद्रयान-३ वरच्या ‘चेस्ट’ उपकरणानं २०२३ मध्ये केवळ १० सेंटिमीटर आत जाऊन दाखवून दिलं, की एवढ्याशा थरातही तापमान पन्नास अंशांहून अधिक बदलतं. इतकी ही माती उष्णता अडवून धरते. अपोलो १५ ची पहिली कांडी अपेक्षेपेक्षा उथळ असली तरी चढउताराच्या खाली पोचली होती, त्यामुळे मोजमाप वाया गेलं नाही. या प्रयोगाचे प्रमुख शास्त्रज्ञ मार्कस लँगसेथ आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये दोन्ही ठिकाणचे सुधारित आकडे दिले : हॅडलीला चौरस मीटरला २१ मिलिवॉट, टॉरस-लिट्रोला १६. चंद्राच्या पोटातून येणाऱ्या उष्णतेबद्दल बोलताना आजही हेच दोन आकडे आधाराला घेतले जातात.

हीच अडचण इतरत्र

मंगळावर हीच गोष्ट उलट्या बाजूनं घडली. इनसाइट यानावर जर्मन अंतराळ संस्थेनं बनवलेला ‘मोल’ होता. सुमारे ४० सेंटिमीटर लांबीचा हा खिळा आतल्या हातोड्यानं स्वतःलाच ठोकत पाच मीटरपर्यंत जायचा होता. त्याला पेच नव्हते, माती वर आणायचीच नव्हती. बाजूला दाबून जागा करायची, एवढाच मार्ग. २८ फेब्रुवारी २०१९ ला ठोकायला सुरुवात झाली आणि एका फुटाच्या आसपास तो थांबला. हातोड्याचा उलट झटका पेलायला भोवतालच्या मातीची पकड लागते. तिथला चिकट, कवचासारखा थर मोलच्या ठोक्यांनी चुरडून खाली बसला, मोलभोवती खड्डा झाला आणि पकड सुटली. यानाच्या हातानं माती खरवडून त्या खड्ड्यात भरली, वरून दाब दिला, बाजूनं टेकू दिला. दुसऱ्या ग्रहावर भराव घालून दाबण्याचं एवढं चिकाटीचं काम क्वचितच झालं असेल. जानेवारी २०२१ मध्ये शेवटचे ५०० ठोके मारून प्रयत्न थांबवला. हॅडलीला माती नळीला सोडत नव्हती, इथे ती मोलला धरत नव्हती. दोन्ही ठिकाणी हटवलेली माती कुठे जाणार, याचा अंदाज चुकला.

चीनच्या चांग-ई ५ नं डिसेंबर २०२० मध्ये दोन मीटरचं लक्ष्य ठेवून भोक पाडायला घेतलं आणि एका मीटरच्या आसपास ते थांबवलं. मोहिमेनं आणलेल्या १,७३१ ग्रॅम मातीतला मोठा वाटा यांत्रिक हातानं वरवर खरवडलेल्या मातीचा आहे.

बांधकामासाठी यातून काय घ्यायचं

भोक अडीच सेंटिमीटरचं असो की तळाचा पाया खणायचा असो, चंद्राची जमीन तीच राहते. एक टन वस्तुमानाचं खोदयंत्र पृथ्वीवर सुमारे ९,८०० न्यूटन वजनाचं असतं, चंद्रावर १,६२० न्यूटनचं. चाकांची पकड वजनाच्या अर्धी धरली, तरी पुढे रेटायला ८०० न्यूटन हाताशी राहतात. मातीचा घर्षणातून येणारा प्रतिकार गुरुत्वाबरोबर कमी होतो हे खरं. पण कणांचं एकमेकांत अडकणं आणि चिकटपणा तेवढ्या प्रमाणात कमी होत नाही. बुलडोझरचं पातं जमिनीत रोवून नुसत्या वजनाच्या जोरावर ढकलत नेण्याची पद्धत तिथे चालणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

नासाच्या केनेडी केंद्रात आखलेलं रॅसर हे यंत्र म्हणूनच मला पटतं. त्याच्या दोन टोकांना दोन ढोल आहेत आणि ढोलांच्या कडेला लहान लहान तोंडं आहेत. दोन्ही ढोल परस्परांविरुद्ध फिरत माती खरवडतात, त्यामुळे एकाचा ओढा दुसऱ्यानं कटतो आणि यंत्राच्या वजनावर भिस्त राहत नाही. शिवाय खरवडलेली माती थेट ढोलाच्या पोटात जाते. पात्यापुढे ढीग साचून त्याचाच अडथळा होणं टळतं. हॅडलीला जे नव्हतं, ते इथे आहे : माती सुटली त्याच क्षणी तिला जागा मिळते.

अशा यंत्राच्या चाचणीचा अहवाल वाचताना मी पहिल्यांदा चाचणीच्या हौदातल्या मातीची सापेक्ष घनता शोधतो. चंद्राच्या मातीसारखी बनवलेली माती पोत्यातून हौदात ओतली, तर ती चंद्राच्या वरच्या काही सेंटिमीटरचीच नक्कल होते. ३० सेंटिमीटरच्या खालची नक्कल करायची तर ती थर देऊन, कंप देऊन, धुमसून बसवावी लागते. हा आकडा दिलेला नसेल, तर यंत्रानं तासाला किती माती काढली याला फारसा अर्थ उरत नाही.

मग खोल जायचंच कशाला, वरची भुसभुशीत माती खरवडून घ्यावी, असा विचार मनात येतो. तो चांगला आहे, पण त्याचं क्षेत्रफळ मोजून पाहिलं पाहिजे. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो १२ उतरलं तेव्हा दीडशेहून अधिक मीटरवर आधीपासून उभ्या असलेल्या सर्व्हेयर ३ या मानवरहित यानावर उडालेल्या धुळीचा मारा झाल्याच्या खुणा सापडल्या. म्हणून उतरण्याच्या जागेभोवती बांध हवाच. समजा दोन मीटर उंचीचा, ३५ अंशांच्या उताराचा आणि ५० मीटर लांबीचा बांध घातला. त्याचा छेद सुमारे ५.७ चौरस मीटरचा होतो, म्हणजे २८५ घनमीटर माती. दीडच्या घनतेनं ती ४३० टनांच्या आसपास भरते. फक्त वरचे १० सेंटिमीटर खरवडायचे ठरवले, तर जवळपास २,८५० चौरस मीटर जमीन साफ करावी लागेल. रॅसरच्या पुढच्या पिढीतल्या आयपेक्स या लहान यंत्राचं उद्दिष्ट एका चांद्रदिवसात (पृथ्वीवरचे सुमारे साडेएकोणतीस दिवस) १० टन माती काढण्याचं आहे. त्या वेगानं एका यंत्राला एवढ्या बांधासाठी ४३ चांद्रदिवस, म्हणजे सुमारे साडेतीन वर्षं लागतील.

वेळ वाचवायचा तर दोन रस्ते आहेत. एक म्हणजे अशी अनेक छोटी यंत्रं नेऊन जमीन पसरट खरवडायची. तेव्हा माती दुरून वाहून आणावी लागते आणि चाकांची झीज वाढते. दुसरा म्हणजे बांधाच्या पायथ्याशीच खोल चर खणायचा. वाहतूक वाचते, चरामुळे बांधाची उंचीही आपोआप वाढते, आणि गच्च माती फुटून फुगते, तेव्हा कमी खणून जास्त भराव मिळतो. पण मग ३० सेंटिमीटरच्या खाली उतरावं लागतं, आणि तिथे कंप देणारं पातं किंवा ठोके देणारी बादली लागणारच. मला दुसरा रस्ता बरा वाटतो, एका अटीवर : चराची एक बाजू शेवटपर्यंत मोकळी ठेवून, त्या मोकळ्या तोंडाकडूनच माती पाडत पुढे जायचं. चारही बाजू बंद असलेल्या खड्ड्यात यंत्र उतरवायचं नाही.